चुकीच्या पाकिटातली टेकडी

बाईंनी मला माझ्या नावाने एकदाही हाक मारली नाही. मी चिपळूणची, म्हणून मी 'चिपळूण'. शिवाजी पार्कच्या मागच्या गल्लीत, लिफ्ट नसलेल्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्या एकट्या राहायच्या आणि आतली खोली नोकरी करणाऱ्या मुलीला द्यायच्या. माझ्या आधी तिथे 'नाशिक' होती आणि तिच्या आधी 'धुळे'. पहिल्याच आठवड्यात मी धीर करून म्हटलं, "बाई, माझं नाव..."

"माहीत आहे मला. त्या नावाच्या सहा जणी एका वर्षी माझ्या प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये होत्या. चिपळूणची तू एकटी."

बाईंचा उजवा हात बरा करायला येणारा फिजिओथेरपिस्ट 'काळाचौकी' होता आणि दर मंगळवारी पाटी घेऊन जिना चढणारी कोळीण 'वरळी'. त्या दोघांनाही त्याचं काही वाटत नसे. वरळी तर खालूनच ओरडायची, "बाय, वरली आली गो!"

बाई तेव्हा एकाहत्तर वर्षांच्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं. आई होती तोवर आईबरोबर राहिल्या, आई गेल्यावर तिच्या खोलीत मुली ठेवायला लागल्या. एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या विभागात त्यांनी तीस-पस्तीस वर्षं वाळवलेल्या झाडपाल्याचा संग्रह सांभाळला होता. झाडाची फांदी दाबून वाळवायची, जाड कागदावर चिकटवायची आणि उजव्या कोपऱ्यात लेबल लावायचं: कुळ, जात, कुठे सापडलं, कोणी तोडलं. हे काम संपून वर्षं झाली तरी गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग तसंच होतं. पेपरातली बातमी, भाजीतली अळी, माझ्या कुर्त्यावरचा डाग, सगळं त्या भिंगातून बघायच्या.

मी तिथे राहायला जाण्याच्या दोन वर्षं आधी त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. बोलणं शाबूत राहिलं, पायही सावरला, पण उजवा हात हट्टी झाला होता. रबराचा चेंडू दाबायचा व्यायाम दिला, तर त्या चेंडू खिडकीतून खाली टाकायच्या. काळाचौकी खाली जाऊन आणायचा. तिसऱ्यांदा आणल्यावर तो कंटाळला आणि पुढच्या खेपेला पिशवीतून स्वतःचा जुना गेमचा डबा नि कंट्रोलर घेऊन आला.

"बाई, हात चालवायचाय ना? मग हे खेळा. टाइमपास पण होईल."

पहिला गेम गाड्यांच्या शर्यतीचा होता. कंट्रोलर स्टुलावर, खाली घडी घातलेला टॉवेल, डाव्या हाताने सगळं आणि उजव्या हाताचं फक्त एक बोट एका बटणावर. बाईंनी शर्यत सुरू होताच गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली.

"बाई, मागून गाड्या येतायत, चला ना!"

"येऊ देत. त्यांना काम असेल." मग उठून टीव्हीजवळ गेल्या नि भिंग लावलं. "ठिपकेच दिसतात मेले. पण बघ, माडाला फांद्या दिल्यात यांनी. माडाला! याला कोण पास करणार?"

हे मला नंतर काळाचौकीने सांगितलं, नक्कल करून. मी तिथे राहायला गेले तोवर बाई रोज दुपारी खेळत होत्या आणि हात खरोखर सुधारत होता.

माझी नोकरी परळला, गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत होती. आमची कंपनी इंटरनेटवरून गेम विकायची. माझं काम होतं आलेला गेम वीस मिनिटं खेळायचा आणि त्याला लेबल लावायचं. शूटर, रेसिंग, पझल, शेती, हॉरर अशी एक ठरलेली यादी होती. ऑफिसात त्याला 'जॉनर' म्हणत. यादीतला एक मुख्य प्रकार निवडायचा, खाली दोन-तीन बारीकसारीक शब्द जोडायचे, पुढचा गेम. बाईंनी विचारलं तेव्हा मला वाटलं होतं त्या हसतील. घरी आईला तर मी 'कॉम्प्युटरचं काम' एवढंच सांगत असे. पण बाईंनी चष्मा काढला.

"म्हणजे तू माझंच काम करतेस."

"तसं काही नाही हो बाई."

"तसंच आहे. आमच्याकडे एकदा जागा कमी पडली. प्राचार्य म्हणाले, निम्मे कागद काढून टाका. सगळ्यात आधी कुठले गेले? ज्यांच्यावर नाव नव्हतं ते. चांगली सुंदर फुलं होती त्यात. नाव नसलं की आधी तेच फेकतात." चष्मा पुसत म्हणाल्या, "आणि चुकीचं नाव असलं तर त्याहून वाईट. एक वेल आमच्याकडे वीस वर्षं भलत्याच पाकिटात पडून होता. फेकला नाही कोणी. पण ज्याला हवा होता त्याला सापडलाही नाही."

तेव्हापासून संध्याकाळी मी आले की चहाबरोबर माझी उलटतपासणी सुरू व्हायची. आज काय आलं? कशात टाकलंस? का? बाईंचा लेबलांना विरोध नव्हता, राग होता तो आळशी लेबलांवर. एकदा 'पझल' म्हणून विकला जाणारा गेम त्यांनी लावला, तर त्यात वरून विटा पडत होत्या नि त्या पटापट रचायच्या होत्या. एका हाताने ते होईना. "याला कोडं म्हणतात? ही धावपळ आहे. कोड्यासमोर माणसाला बसता आलं पाहिजे." शेतीच्या गेमवर त्या आठ दिवस चिडलेल्या होत्या, कारण वांगं चार दिवसांत येत होतं.

उलट 'हॉरर' म्हणून मी ज्याला हात लावत नसे, तो एक गेम त्यांना फार आवडला. एक रिकामं मोठं घर, बाहेर धुकं, लांबच्या खोलीत लावलेला रेडिओ. बाई त्या घरात पंधरा दिवस राहिल्या म्हणायला हरकत नाही. दारं उघडायच्या, खुर्चीत बसायच्या, खिडकीतून बघायच्या.

"भूत येतं ना बाई त्यात?"

"येतं अधूनमधून. दारात उभं राहतं नि जातं. त्रास काही देत नाही."

एका मंगळवारी वरळी बोंबील निवडून देत जमिनीवर बसली होती. तेवढ्यात ते भूत आलं. तिने पाटीच उलटी केली. "बाय, काय गो ह्ये ठेवलंय घरान!" बाईंनी शांतपणे गेम थांबवला आणि तिला पाणी दिलं. नंतर मला म्हणाल्या, "इतकी वर्षं येते, आज पहिल्यांदा बसून पाणी प्यायली."

प्रत्येक गेमचा त्या एक कागद करायच्या. संग्रहातले उरलेले जाड कागद त्यांच्याकडे गठ्ठ्याने होते. डाव्या हाताने, पहिलीतल्या मुलासारख्या अक्षरात लिहायच्या. त्या घरातल्या भुताच्या गेमचा कागद मला अजून पाठ आहे. घाई: नाही. एका हाताने: जमतं. बसायला जागा: भरपूर. मरण: क्वचित, मनाला लावून घेण्यासारखं नाही. कोणी बोलतं का: नाही. 'कुळ' हा रकाना त्या शेवटी भरायच्या, आणि पुष्कळदा तो कोराच राहायचा. मी म्हणायचे, "बाई, मला रोज पंचवीस गेम संपवायचे असतात. मी कोरा ठेवला तर नोकरी जाईल."

"म्हणून तर तुझे चुकतात," त्या म्हणायच्या.

मुंबईतलं ते माझं पहिलं वर्ष. ऑफिसात सगळी आपापल्या कानात यंत्रं घालून बसलेली असत. रविवारी मी दादरच्या फुलबाजारापर्यंत उगीच चालत जायचे नि परत यायचे. बाईंची ही उलटतपासणी नसती तर दिवसातून माझ्याशी दहा वाक्यंही कोणी बोललं नसतं. त्यांच्याशीही नसतं. पण हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं. मला त्या फक्त चमत्कारिक वाटायच्या.

मग तो टेकडीचा गेम आला. काळाचौकीने तो फुकटातल्या यादीतून उतरवून दिला होता. पुष्कळ माणसं आपापल्या घरून एकाच वेळी खेळतात, तसला. एक बेट, त्यावर दोन टोळ्या, प्रत्येकाच्या हातात बंदूक. बाईंना एका हाताने नेम धरता येईना, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी बंदूक जमिनीवर ठेवली. ती ठेवता येते हे बहुतेकांना माहीतच नव्हतं. ठेवली की हात मोकळे होत आणि माणूस नुसता चालू लागे. बाई चालत निघाल्या. गोळीबार मागे राहिला, गवत लागलं, ओढा लागला आणि एक टेकडी आली.

मंगळवारी आणि शुक्रवारी मी घरून काम करायचे, म्हणून हे मला बघायला मिळालं. "ये ये, चिपळूण, इकडे ये," बाई ओरडल्या. इतक्या मोठ्याने ओरडलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. "ही कारवी बघ. पानं समोरासमोर काढलीयेत, कडा दातेरी. हे ज्याने काढलंय तो डोंगरात जाऊन बसलाय. बघून काढलंय त्याने!"

त्या टेकडीवर दुसरं कोणीतरी येत असे. रोज तीनच्या सुमाराला, तेही बंदूक न घेता. पिवळं पीस खोचलेली टोपी घातलेली ती आकृती खडकावर बसलेली असायची. त्या गेममध्ये बोलता येत नव्हतं. हात हलवणं, बसणं आणि बोट दाखवणं एवढंच करता यायचं. पहिल्या दिवशी दोघांनी हात हलवले. दुसऱ्या दिवशी बाई जरा अंतरावर बसल्या. चौथ्या-पाचव्या दिवशी त्या टोपीवाल्याने समोरच्या सुळक्यावर बसलेल्या पक्ष्याकडे बोट दाखवलं. बाईंनीही दाखवलं. मग साडेचारपर्यंत दोघं तशीच बसली. पुढे हे रोजचंच झालं. तीन वाजायला आले की बाई केस विंचरायच्या.

डोक्यावर नाव दिसायचं, पण इंग्रजी अक्षरं नि आकडे यांची ती लांब माळ बाईंच्या चष्म्याला वाचता येत नसे. मला त्यांनी कधी वाचायला सांगितली नाही. "कोण असेल बाई?" मी विचारलं.

"आपल्याला काय करायचंय? शेजार आहे."

साधारण दीड महिन्याने त्या म्हणाल्या, "आपला हा गेम तुमच्या दुकानात कशात ठेवलाय बघ जरा. लोक काय म्हणतात ते वाचून दाखव."

मी फोनवर काढला. शूटर. खाली लोकांनी लिहिलं होतं: गोळ्या घालायला कोणी सापडत नाही. नुसतं गवत आहे. झोप आली.

"शूटर?" बाई म्हणाल्या. "हे कुठल्या गाढवाने ठरवलं?"

मी म्हटलं, "ऑफिसात ठरवतात." दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन नोंद उघडली. माझा वाईट संशय खरा निघाला. वर्षभरापूर्वी, कामाला लागल्यावर तिसऱ्या आठवड्यात, तो गेम मीच खेळले होते. वीस मिनिटं. सुरुवातीलाच हातात बंदूक आली, समोरून कोणीतरी आलं, मी मेले, पुन्हा मेले. शूटर. मला तो आठवतसुद्धा नव्हता.

बाईंना मी सांगितलं नाही. सांगायला काही निमित्त नाही असं स्वतःला समजावलं. पण तीन आठवड्यांनी निमित्त आलं. गेम उघडला की एक पाटी यायला लागली: खेळणारे फार कमी असल्यामुळे या महिन्याच्या अखेरीस हा गेम कायमचा बंद होत आहे. बाईंनी ती दोनदा माझ्याकडून वाचून घेतली.

"बंद म्हणजे? माझ्याकडे आहे ना तो, या डब्यात?"

"तो त्यांच्या कॉम्प्युटरवर चालतो बाई. त्यांनी तो बंद केला की टेकडी नाही."

"आणि खेळणारे कमी का?"

तेव्हा मी सांगितलं. ज्यांना गोळीबार हवा होता ते आले नि कंटाळून गेले. ज्यांना टेकडी आवडली असती त्यांना हा गेम दिसलाच नाही. कारण मी तो शूटरमध्ये टाकला होता.

बाईंनी कप खाली ठेवला. "किती वेळ खेळली होतीस?"

"वीस मिनिटं."

"टेकडीपर्यंत चालत यायला पंचवीस लागतात," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

चार दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. टेबलावर चिठ्ठ्या असायच्या: दूध तापवलं आहे. गॅसवाला येईल. त्याच डाव्या हाताच्या अक्षरात. घरात माणसं दोन नि आवाज फक्त तीन ते साडेचार, ओढ्याचा. पाचव्या दिवशी मी आले तर टेबलावर जाड कागद होता, त्या गेमचा. सगळे रकाने भरलेले. फक्त 'कुळ' या रकान्यात सहा-सात शब्द लिहून खोडलेले.

"बस," बाई म्हणाल्या. "तुझ्या ऑफिसात जाऊन हे बदलायचं. काय लिहायचं ते मला सुचत नाही."

'शेजार' हा शब्द पहिला होता, खोडलेला.

"हा चांगला आहे की बाई."

"काय चांगला? शेजार शोधत कोणी येईल नि दारातच गोळी लागेल. तुझं शूटर अगदीच खोटं नव्हतं, हे कबूल करायला मला चार दिवस लागले." त्यांनी पुढच्या शब्दावर बोट ठेवलं. "'निसर्ग' लिहिलं तर शाळेची सहल वाटते. 'विश्रांती' लिहिलं तर म्हाताऱ्यांसाठी वाटतं."

रात्रीच्या भातापर्यंत आम्ही दोघी भांडत होतो. शेवटी ठरलं, भटकंती. यादीत त्याच्या जवळचा एक प्रकार होता. आणि खाली एक ओळ: बंदूक मिळते, ती खाली ठेवता येते. ती ओळ बाईंनी तीन वेळा लिहून पाहिली.

ऑफिसात माझा वरिष्ठ हसला. "अगं, पंधरा दिवसांत मरणाऱ्या गेमचं लेबल कशाला बदलतेस? आता कोण बघणार?"

"चुकलंय म्हणून."

"अशी चुकलेली हजार असतील."

"असतील. हे माझं आहे."

मी इतकं उलट कधी बोलले नव्हते. त्याने खांदे उडवले नि बदलून दिलं. संध्याकाळी मी जिने धावत चढले. बाईंनी ती दुकानातली ओळ माझ्या फोनवर भिंगातून वाचली. त्या दिवशी जेवायला सोलकढी होती.

शेवटच्या दिवशी मी रजा घेतली. दुपारी साडेचारला गेम बंद होणार होता. काळाचौकीही आला होता. त्याला दुसऱ्या पेशंटकडे जायचं होतं, तरी दारात उभा राहिला. बाईंनी इस्त्रीची सुती साडी नेसली होती. पावणेतीनला त्या टेकडीखाली पोचल्या आणि वर बघून थांबल्या.

टेकडी माणसांनी भरली होती.

मी चाळीसपर्यंत मोजलं, मग सोडून दिलं. गेम बनवणाऱ्यांनी निरोप म्हणून दोन्ही टोळ्यांचे कपडे काढून सगळ्यांना एकसारखा पांढरा वेश दिला होता. टोप्या नाहीत, पिसं नाहीत. कोणाच्याच हातात बंदूक नव्हती. आमची ती ओळ वाचून आलेले लोक होते ते, दहा-बारा दिवसांत जमलेले. खडकावर, गवतात, ओढ्याकाठी सगळे बसले होते.

"मेली काय गर्दी झाली ही," बाई म्हणाल्या. "बाजूला व्हा, बाजूला व्हा." जणू त्यांना ऐकू जाणार होतं. त्या खडकाजवळ गेल्या. तिथे पाच जण होते. पाचही पांढरे. बाईंनी हात हलवला. पाचही जणांनी हात हलवला. मागच्या दहा जणांनीही हलवला.

"नाव वाच, चिपळूण. नावं वाच."

"काय वाचू बाई? त्यांचं नाव काय होतं?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. साऱ्या जन्मात एक पानही नावाशिवाय न ठेवलेली ती बाई. त्यांना ते माहीत नव्हतं. मीही कधी वाचून ठेवलं नव्हतं.

मग त्यांना पक्षी आठवला. त्या सुळक्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या नि बोट दाखवलं. शेजारच्यानेही दाखवलं. त्याचं बघून आणखी एकाने, मग सगळ्या टेकडीने. लोकांना तो खेळ वाटला. चाळीस-पन्नास हात त्या पक्ष्याकडे.

चार वाजले. सव्वाचार झाले. बाई एकेकासमोर जाऊन थांबत होत्या, थोडा वेळ बघत होत्या, पुढे जात होत्या. उजव्या हाताचं बोट बटणावरून घसरायला लागलं होतं. काळाचौकी म्हणाला, "बाई, हाताला त्रास होईल. बसा ना जरा." त्या थांबल्या नाहीत. साडेचारला एका पांढऱ्या आकृतीसमोर त्या उभ्या असताना पडदा काळा झाला आणि एक इंग्रजी वाक्य आलं. ते कोणी वाचायला सांगितलं नाही.

कंट्रोलर टॉवेलावर ठेवत बाई म्हणाल्या, "हे दुसरं लेबल बरोबर होतं तुझं."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्या गेम बनवणाऱ्यांचं पत्र आलं होतं. तिघांनी मिळून बनवला होता म्हणे. शेवटचे बारा दिवस आमच्या बेटावर आम्हाला हवी होती ती माणसं आली, ज्याने लेबल बदललं त्याचे आभार. वरिष्ठाने ते सगळ्यांसमोर वाचलं, टाळ्या वाजल्या. बाईंना मी ते कधी दाखवलं नाही.

पुढच्या वर्षी इमारत पाडायला निघाली आणि बाईंची मावसबहीण त्यांना पुण्याला घेऊन गेली. मी फोन करते, तर बहीण उचलते नि म्हणते, झोपल्यात. कागदांचा तो गठ्ठा कुठे गेला, मला माहीत नाही. मी अजून तेच काम करते. आता गेममध्ये पंचवीस मिनिटांच्या पुढे जाते, म्हणून माझं काम नेहमी मागे असतं.

पण बाई जाण्याआधीचे ते तीन-चार महिने मला राहून राहून आठवतात. गेम बंद झाल्यावर आठवडाभर त्यांनी टीव्ही लावला नाही. मग एका दुपारी काळाचौकीचा मला ऑफिसात फोन आला. "बाई खाली उतरल्या! एकट्या! वॉचमन बोलला, पार्काकडे गेल्या." झटका आल्यापासून त्या दवाखान्याशिवाय कुठे उतरल्या नव्हत्या. तो आनंदाने ओरडत होता. त्यानंतर त्या रोज जायला लागल्या, भर तीनच्या उन्हात. मैदानाभोवतीच्या कट्ट्यावर तेव्हा चिटपाखरू नसतं. मी म्हटलं, "बाई, संध्याकाळी जा ना. तुमच्या वयाच्या कितीतरी बायका येतात. ओळखी होतील."

"संध्याकाळी गर्दी असते," त्या म्हणाल्या.

एका शुक्रवारी लॅपटॉप मिटून मी त्यांच्या मागोमाग गेले. मैदान पांढरं तापलेलं, क्रिकेटची जाळी रिकामी. बाई झाडाच्या सावलीत कट्ट्यावर बसल्या होत्या, उजवा हात मांडीवर, केस विंचरलेले. मी जाऊन त्यांच्या शेजारी टेकले.

"तिथे नको."

"सावली आहे बाई इथेही."

"सावलीचं नाही गं. ती जागा धरलीय. या बाजूला ये."

मी उठले आणि त्यांच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसले. एक बस वळली. समोरच्या इमारतीत कोणीतरी गादी झटकली. साडेचारच्या सुमाराला मुलं बॅटी घेऊन यायला लागली, तेव्हा बाईंनी माझ्या खांद्यावर डावा हात टेकला नि उठल्या.

"चल," म्हणाल्या. "आज काही येत नाही कोणी."